हिल हाफ २:२४, दहा किमी ५६ मिनिटं: मुंबई फुल मॅरेथॉनला किती लागतील?

बोगद्यापलीकडे:
नमस्कार मंडळी. जानेवारीत मुंबईला पहिली फुल मॅरेथॉन पळणार आहे. वय ४१, मुक्काम सातारा. नोकरी आणि घर सांभाळून आठवड्याला सरासरी ४२ किमी होतात. प्रश्न एकच आहे, सुरुवात कोणत्या पेसने (किलोमीटरला किती मिनिटं) करू?

माझ्याकडचे आकडे देते. साताऱ्याची हिल हाफ, म्हणजे घाटातली २१ किमीची शर्यत, २:२४ (यवतेश्वरच्या बाजूला चढताना १:१९, परतताना १:०५). ऑक्टोबरात पुण्यात सपाट रस्त्यावर दहा किमी ५६ मिनिटांत. सगळ्यात लांब रन आतापर्यंत २६ किमी, तोही कास रोडला, सरासरी ७:२५. गेल्या दोन महिन्यांचे सगळे रन एकत्र धरले तर सरासरी ७:१० च्या आसपास.

आता गंमत बघा. एका शर्यतीवरून दुसरीची वेळ सांगणाऱ्या रीगलच्या सूत्रात हिल हाफ टाकली की उत्तर येतं ५ तास. दहा किमी टाकले की ४:१८. मनगटावरचं घड्याळ म्हणतं ४:०२. एकाच बाईचे तीन निकाल, आणि त्यांत जवळजवळ तासाचा फरक! यातलं कुठलं धरायचं?

सांगलीचा_पळकुटा:
४:०२ धरा. एवढं महागाचं घड्याळ खोटं कशाला बोलेल?
(दिवे घ्या.)

फक्त_वाचक:
माझं घड्याळ ३:५० दाखवतं. मी अजून हाफसुद्धा पळालेलो नाही.

गणिती_मास्तर:
ताई, तिन्ही उत्तरं वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत, म्हणून जुळत नाहीत.

आधी रीगल. पीट रीगल हा अमेरिकन इंजिनीअर, स्वतः धावणारा. १९७७ मध्ये त्याने हे सूत्र मांडलं. अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीपेक्षा थोडी जास्त लागते, आणि ते 'थोडी' मोजायला अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात घ्यायचा. हाफवरून फुल काढायची तर २.०८५ ने गुणा. दहा किमीवरून काढायची तर ४.६ ने. तुमचे ५६ गुणिले ४.६ म्हणजे २५७.६ मिनिटं, ४:१८ बरोबर आहे.

पण त्यात टाकायची वेळ सपाट रस्त्यावरच्या, जीव तोडून पळालेल्या शर्यतीची हवी. हिल हाफचे २:२४ त्यात टाकणं म्हणजे किलोच्या भावात लिटर मोजणं. तेव्हा ५ तास आत्ताच खोडून टाका.

घड्याळ काय करतं? हृदयाचे ठोके आणि वेग यांवरून तुमची व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते) अंदाजाने काढतं आणि त्यावरून वेळ सांगतं. इंजिन केवढं आहे एवढं त्याला दिसतं. टाकीत किती आहे आणि ३५ व्या किमीला मांड्या काय म्हणतील, ते त्याला मनगटावरून कुठून दिसणार? शिवाय मनगटावरचे ठोके घाटात, पावसात, पट्टा सैल असताना चुकतात ते वेगळंच. ४:०२ पण खोडा.

राहिले ४:१८. त्यावर संध्याकाळी लिहितो, आता क्लासची वेळ झाली.

माणदेशी:
मास्तर, कामाचं बोलायच्या टायमालाच क्लासला पळता.
ताई, तुमी आमच्या जिल्ह्याच्या. मोहीच्या ललिता बाबरनं २०१५ ला मुंबईत २:३८:२१ मारलंवतं, म्हायती हाय न्हवं? तिच्या गावाकडं सपाट रस्ता कमी आन् ऊन जास्त. ४:१८ काय घिऊन बसलाय, फाटक उघडलं की सुटायचं!

फिजिओ_वहिनी:
@माणदेशी, ललिता बाबर पुढच्याच वर्षी रिओ ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलमध्ये दहावी आली. आपण तिचं नाव घ्यावं, तिचा पेस नको.

@बोगद्यापलीकडे, हिल हाफचा आकडा खोडला तरी ती शर्यत वाया गेलेली नाही. उतारावर पळताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात. म्हणूनच दुसऱ्या दिवशी जिना उतरताना लोक भिंत धरतात. पण एकदा हा मार खाल्लेले स्नायू पुढच्या वेळी कमी दुखावतात. यवतेश्वर नियमित उतरणाऱ्यांच्या मांड्या मॅरेथॉनच्या शेवटी सपाटीवाल्यांपेक्षा उशिरा तक्रार करतात, असं माझ्याकडे येणाऱ्यांत तरी दिसतं.

याची दुसरी बाजूही आहे. घाटात चढाला एक ढब, उताराला दुसरी, मधे चालणंही होतं. मुंबईत चार-साडेचार तास तेच पाऊल, तीच ढब. त्याची सवय तुम्हाला नाही. आता एक तरी लांब रन सपाटीला करा.

बोगद्यापलीकडे:
सपाटीला म्हणजे कुठे? साताऱ्यात पाणी सांडलं तरी ते कुठेतरी जातंच.

सांगलीचा_पळकुटा:
सांगलीत या. आमच्याकडे आयर्विन पूल हाच घाट. कृष्णेचं पाणीसुद्धा कुठे जायचं ते ठरवत बसतं, म्हणून तर पावसाळ्यात घरात येतं. विश्रामबागेतून मिरजेकडे सरळ पळत जा आणि परत या. रन झाल्यावर भडंग माझ्याकडून.

सदरबझारकर:
भडंगासाठी सव्वाशे किमी कोण जाणार? कोरेगाव रोडला संगम माहुलीच्या पुढे त्यातल्या त्यात बरं आहे. पहाटे साडेपाचला निघा, उसाच्या ट्रॉल्या सुरू व्हायच्या आत परत या. ट्रॉलीमागे पळू नका, वरून ऊस पडतो.

सांगलीचा_पळकुटा:
पडला तर खायचा. फुकटचं कार्बोहायड्रेट.

गणिती_मास्तर:
आलो. आता ४:१८.

रीगलचं सूत्र हाफपर्यंत चांगलं चालतं. फुलला आपल्यासारख्यांच्या बाबतीत ते घसरतं. २०१६ मध्ये व्हिकर्स आणि व्हर्टोसिक या दोघांनी दोन हजारांहून जास्त हौशी धावपटूंची माहिती तपासली. हाफपर्यंत सूत्र ठीक निघालं, पण मॅरेथॉनला निम्म्या लोकांच्या बाबतीत ते कमीत कमी १० मिनिटं जास्त वेगवान उत्तर देत होतं. सूत्रावर भरवसा ठेवणाऱ्या दोघांपैकी एक जण १० मिनिटं किंवा त्याहून उशिरा पोचणार, असा त्याचा अर्थ.

किपचोगेचं मात्र उलटं. त्याची हाफची सर्वोत्तम वेळ ५९:२५. सूत्र त्याला फुलसाठी २:०३:५३ देतं आणि तो बर्लिनला २०२२ मध्ये धावला २:०१:०९. तोच १.०६ त्याला कमी लेखतो आणि आपल्याला डोक्यावर चढवतो. कारण त्या घातांकात तुमच्या आठवड्याच्या किलोमीटरना जागाच नाही.

ताईंचे आठवड्याला ४२ किमी. मी अशा लोकांसाठी १.०६ ऐवजी १.१५ धरतो. हा माझा ठोकताळा, कुठल्या पुस्तकातला नाही. ५६ मिनिटांवरून सपाट हाफ येते २:०३:३०. तिथून १.१५ ने पुढे गेलं की २.२२ ने गुणावं लागतं, उत्तर ४:३४. पेस ६:३०.

माझी पैज ४:३४.

आकडेमोड्या:
मास्तर, तांदाचं सूत्र विसरलात. जिओव्हानी तांदा, २०११. त्यात शर्यतीची वेळ लागतच नाही, आठ आठवड्यांचे सरासरी किमी आणि सरासरी ट्रेनिंग पेस एवढंच लागतं. ताईंचे ४२ किमी आणि ७:१० टाकले तर शर्यतीचा पेस ६:०६, वेळ ४:१७. रीगल ४:१८, तांदा ४:१७. दोन वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचलो. आणि तुम्ही म्हणता ४:३४?

गणिती_मास्तर:
दोन साक्षीदार एकच सांगतात म्हणून खरंच असेल असं नाही, दोघं एकाच गावचे असू शकतात. तांदाने ज्यांच्यावर सूत्र बसवलं ते तीन-साडेतीन तासांच्या आसपास पळणारे मूठभर लोक होते. ताई त्या घोळक्यात नाहीत. तिथली रेघ इथपर्यंत ओढली की ती कुठेही जाईल.

आकडेमोड्या:
मग तुमचा १.१५ तरी कुठल्या घोळक्यातून आला?

गणिती_मास्तर:
आमच्या रविवारच्या ग्रुपमधून. सगळे साताऱ्याचे, सगळे नोकरीवाले, सगळ्यांचे आठवड्याला ३५ ते ५० किमी. घोळका छोटा आहे पण ताईंच्या गावचा आहे.

आकडेमोड्या:
मान्य नाही, पण उत्तर आवडलं. आणि ताईंचा ७:१० हा निम्मा घाटातला आहे, सपाटीला तोच दम ६:४५ दाखवेल. तेव्हा तांदा खरं तर ४:१७ च्याही आतलं सांगतोय. म्हणजे तुमच्यापासून आणखी लांब. जाऊ दे.

सांगलीचा_पळकुटा:
यासो कोणीच कसं काढलं नाही? मैदानावर ८०० मीटर दहा वेळा, मधे तेवढाच वेळ हळूहळू जॉग. ८०० ला जितकी मिनिटं-सेकंद, फुलला तितके तास-मिनिटं. बार्ट यासोची ट्रिक. मी सगळे ३:५० मध्ये मारले होते.

फिजिओ_वहिनी:
आणि मॅरेथॉन?

सांगलीचा_पळकुटा:
४:१६. पण त्या दिवशी ऊन होतं.

फिजिओ_वहिनी:
मुंबईतही असणार आहे. ८०० मीटरला लागणारा दम आणि बेचाळीस किलोमीटरला लागणारा दम हे फार लांबचे नातेवाईक आहेत. यासो व्यायाम म्हणून छान आहे, ज्योतिष म्हणून नाही.

ऊन निघालंच आहे तर एक सांगते. साताऱ्यात जानेवारीच्या पहाटे स्वेटर लागतो. मुंबईत पहाटे पाचच्या सुमारास सुटतानाच दमट असतं, आणि साडेचार तासवाले पोचेपर्यंत सूर्य डोक्याकडे निघालेला असतो. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, त्याच पेसला ठोके चढत जातात. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. शेवटच्या दोन आठवड्यांतले दोन-चार छोटे रन दुपारी करा, पाणी जवळ ठेवून, सावकाश.

रनिंग_आज्जी:
मी ६३ वर्षांची आहे, मला घातांक कळत नाहीत. पण फुल पळून आलेय आणि एक गोष्ट सांगू शकते.

पोरी, शर्यतीच्या तीन आठवडे आधी ३० ते ३२ किमीचा रन कर. पहिले वीस-बावीस गप्पा मारता येतील असे. शेवटचे आठ-दहा किमी तुझ्या मनातल्या पेसने. ते दहा झाले आणि तोंडातून "अजून दोन जमतील" असं आलं, तर तो पेस तुझा. "संपलं एकदाचं" आलं, तर किलोमीटरमागे पंधरा सेकंद वाढव. दमल्यावरचा पेस खरा. ताज्या पायांचे पेस सगळ्यांचेच छान असतात.

आणि पळताना ताकदीसाठी खायच्या जेलची सवय आत्ताच लाव. मी त्या दिवशी नवीन फ्लेवर घेतला होता, पेडर रोडचा चढ मला अजून त्या चवीसकट आठवतो.

फक्त_वाचक:
जेलऐवजी कंदी पेढे चालतील का?

फिजिओ_वहिनी:
नाही. खवा आहे, चरबी पोटात रेंगाळते. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं, ते पटकन पचणारं हवं. खजूर चालतो, केळं चालतं, सवय असेल तर गूळ-शेंगदाण्याची चिक्की तोंडात धरून चालते, पण पळताना शेंगदाणा घशात गेला तर माझ्याकडे येऊ नका.

माणदेशी:
पेढं पळून झाल्याव. मंडळी, आता पैजंचं ठरवा. ज्याचा आकडा ताईंच्या टायमाला सगळ्यात जवळ, त्याला अर्धा किलो कंदी पेढे, बाकीच्यांनी वर्गणी काढायची. माझा आकडा ४:५९. ताई, राग मानू नका, तुमी तासाभरात सेल्फी काढायला थांबणार.

सांगलीचा_पळकुटा:
४:२१. आणि मी जिंकलो तर पेढे नकोत, हिल हाफची पुढची नोंदणी सुरू झाली की कोणीतरी फोन करून कळवा. मला कळेपर्यंत जागा संपलेल्या असतात. गिनेस बुकात नाव गेल्यापासून तुमचा घाट फार भाव खातो.

आकडेमोड्या: ४:२८. (तांदाला मुंबईच्या हवेचे ११.)

फिजिओ_वहिनी: ४:४०.

रनिंग_आज्जी: ४:४५. सावकाश ये पण हसत ये.

गणिती_मास्तर: ४:३४, आधीच सांगितलंय.

सदरबझारकर:
मी पैज लावत नाही, पण मास्तरांना एक शंका. ताईंचा प्रश्न "किती वेळ लागेल" असा नव्हता, "सुरुवात कोणत्या पेसने करू" असा होता. दोन्ही एकच का?

गणिती_मास्तर:
चांगली शंका आहे. एकच नाहीत. अंदाज चुकला तर नुकसान दोन्ही बाजूंना सारखं होत नाही. खरी ताकद ४:३० ची असताना ४:४० च्या पेसने सुरुवात केली तर शेवटच्या दहा किमीत वेग वाढवून बरंचसं भरून काढता येतं. ताकद ४:४० ची आणि सुरुवात ४:२० ची, तर ग्लायकोजन (स्नायूंतला साखरेचा साठा) लवकर संपतं आणि ३० व्या किमीनंतर किलोमीटरला एकेक-दोनदोन मिनिटं जायला लागतात. म्हणून अंदाज ४:३४ असला तरी सुरुवात मी ६:३५-६:४० नेच सांगेन.

आकडेमोड्या:
या एका मुद्द्यावर मास्तरांशी शंभर टक्के सहमत. तारीख लिहून ठेवा.

बोगद्यापलीकडे:
खूप आभार. अपडेट देते. आज्जींनी सांगितलेला रन काल कोरेगाव रोडला केला. ३२ किमी. पहिले २२ सात-सातच्या आसपास, पुढचे दहा ६:३० ने ठरवले होते. आठ जमले, शेवटचे दोन ६:५० ला गेले. तोंडातून आलं ते इथे लिहिता येणार नाही.

रनिंग_आज्जी:
मग पंधरा सेकंद वाढव. ६:४५.

बोगद्यापलीकडे:
६:४५ म्हणजे ४:४५ होतात आज्जी! मला चार-तीसच्या आत यायचंय.

रनिंग_आज्जी:
यायचंय हे वेगळं, येणार हे वेगळं.

(मधल्या टेपरच्या, म्हणजे शर्यतीआधी पळणं कमी करण्याच्या काळातल्या बूट, व्हॅसलीन आणि रेल्वे तिकिटाच्या चर्चेसाठी वेगळा धागा काढला आहे, इथे नको. – सदरबझारकर)

बोगद्यापलीकडे:
पोचले! पदक गळ्यात, पाय कुठे आहेत माहीत नाही.

४:४२:२०.

हाफ २:१५:३०, म्हणजे ६:२५ चा पेस. ६:३५ ठरवलं होतं, पण पहाट थंड होती, बँड वाजत होते, पाय ऐकेनात. ३० किमीला ३:१४. तिथपर्यंत मास्तरांचे ४:३४ दिसत होते. मग ऊन वर आलं. पुढचे बारा किमी सरासरी ७:१५ ने गेले. पेडर रोडला चालले, लोक बाल्कनीतून नावाने ओरडत होते (बिबवर, म्हणजे छातीवरच्या नंबरावर, नाव असतं त्याचा फायदा), म्हणून वरच्या टोकाला परत पळायला लागले. क्रॅम्प आला नाही. वहिनी, मांड्या खरंच शेवटपर्यंत टिकल्या, दम संपला.

माणदेशी:
नादच खुळा! ताई, अभिनंदन. ४:५९ म्हणणाऱ्याची जीभ झडो.

गणिती_मास्तर:
मनापासून अभिनंदन. तिशीपर्यंत ६:२८ आणि नंतर ७:१५, हे माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाचे आकडे आहेत. पुढच्या वर्षी यावरून अंदाज बांधताना सूत्रात काहीच टाकायची गरज नाही, आठवड्याचे ५५ किमी करा आणि ३० किमीवरचे लांब रन तीन-चार होऊ द्या, मग बोलू. अशा तयारीने दम लांबतो, आणि माझा १.१५ सुद्धा खाली येतो.

आकडेमोड्या:
उलट काढून पाहिलं. ५६ मिनिटांवरून ४:४२ आले, म्हणजे दहा किमी ते फुल घातांक पडला १.१२ च्या जवळ. मास्तर, तुम्ही हाफपर्यंत १.०६ आणि पुढे १.१५ धरला होता. हाफनंतरचा बघितला तर १.१९ निघतो. तुमचा घोळकाही थोडा आशावादीच आहे.

गणिती_मास्तर:
त्यात मुंबईचं ऊन आहे. आणि पहिल्या हाफला किलोमीटरमागे १० सेकंदांची घाई.

फिजिओ_वहिनी:
अभिनंदन गं! ४:४२:२०, माझा ४:४०. दोन मिनिटं वीस सेकंदांचा फरक. आज्जींचा ४:४५, दोन चाळीसचा. पेढे माझे.

रनिंग_आज्जी:
थांब. ती वेळ चिपची का गनची?

बोगद्यापलीकडे:
चिपची आज्जी. गन टाइम ४:४६:५०. गर्दीत सुरुवातीची रेघ ओलांडेपर्यंत साडेचार मिनिटं गेली.

रनिंग_आज्जी:
मग ४:४६:५० ला माझा ४:४५ जवळ. पेढे माझे.

फिजिओ_वहिनी:
आज्जी, उभं राहिलेली साडेचार मिनिटं धावण्यात कशी धरता येतील?

रनिंग_आज्जी:
उभं राहूनसुद्धा पाय दुखतात. फिजिओ आहेस, तुला माहीत पाहिजे.

गणिती_मास्तर:
आपण सगळ्यांनी अंदाज धावण्याच्या वेळेचे दिले होते, सूत्रंही तीच वेळ सांगतात. नियमाने चिप टाइम.

माणदेशी:
नियम मी केलावता. मी "ताईंच्या टायमाला" म्हणलोवतो, चिप-गन काय बोललो न्हवतो. अर्धा किलोचं दोन पावशेर करा.

सांगलीचा_पळकुटा:
वर्गणी कोणाला पाठवायची तेवढं सांगा. आणि हिल हाफच्या नोंदणीचा फोन मला जिंकल्याशिवायसुद्धा चालेल.